दोन इंच आत

जळगाव जामोद
२२ सप्टेंबर २०२४

संघपाल,

नाव पाहायला पान उलटू नकोस. मी फकीर मोहम्मद, एस.टी. स्टँडसमोरचा टेलर, तुझ्या बापाचा शाळेपासूनचा दोस्त. तुझी पहिली फुलपँटही मीच शिवली होती. परवा मी तुला फोन केला, तर "बाबांचं काही असेल तर ठेवा काका" एवढं बोलून तूच ठेवलास. दुसऱ्यांदा लावला तर लागलाच नाही. पत्राचं बरं असतं. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तुझा चाकणचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, सारिकाकडून घेतला. कशाला हवा, हे तिला सांगितलेलं नाही.

तुझा बाप, जानराव, वाळत चालला आहे. तुझ्या घरातलं कोणी तुला हे कळवणार नाही, कारण घरात कोणाला ते माहीतच नाही. मला माहीत आहे, कारण टेप माझ्या हातात असतो.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात तो पहिल्यांदा आला. वरवट बकालहून बसनं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तो निळा कोट आणि पँट. सारिकाचा साखरपुडा एक डिसेंबरला ठरला आहे, ते तुला कळलं असेलच. मला वाटलं, इस्त्रीला आणला. तरी सवयीनं म्हटलं, एकदा घालून दाखव. त्यानं घातला आणि बटण लावलं. हा कोट मी त्याच्या चाळीस छातीवर शिवलेला, अठरा वर्षांत बटणाची जागासुद्धा बदलली नव्हती. आता त्यात माझी मूठ जात होती.

"शुगरसाठी चालून राह्यलो," तो म्हणाला. "सकाळी पाच किलोमीटर. उतरलं वजन."

"चालून पोट उतरते जानराव, खांदे नाई उतरत."

"तू टेलर हायेस का डॉक्टर हायेस बे? दोन इंच आत घे."

तुझ्या बानोकाकीनं आतून चहा पाठवला होता. त्यानं दोन घोट घेतले आणि कप खुर्चीखाली सरकवून ठेवला. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. मग त्यानं माझा हात टेपसकट धरला.

"तुह्या वहिनीले, कोकिळेले, नाई सांगाचं. सारिकाले नाई. साखरपुडा होऊ दे, मंग दाखवतो डॉक्टरले. आता दाखवलं तं कोकिळा सारं मोडून बसन. अन् त्याले तं नाईच."

त्याले म्हणजे तुला. मी विचारलं, त्याले काऊन नाई? तो तुझा पोरगा आहे.

"तो आला पाह्यजे तं माह्यासाठी. माह्या दुखण्यासाठी नाई."

मी शब्द दिला. मित्रानं हात धरला की माणूस काय बोलतो, तेच बोललो. आज तुझ्यापुरता तो शब्द मोडतो आहे. कोटाच्या दोन्ही बगला आणि पाठीची मधली शिवण उसवून मी दोन इंच आत घेतलं. कोट असा बसला की पाहणाऱ्यानं म्हणावं, सर दहा वर्षांनी तरुण झाले. तोच तर घोर लागला आहे.

तू ये. साखरपुड्याचं निमित्त आहेच, दुखण्याचं नावही काढायची गरज नाही. बाप डोळ्यांनी पाहिलास की पुढचं तुला आपोआप सुचेल. मी लिहिलं हे मात्र त्याला कळू देऊ नकोस.

फकीर मोहम्मद


जळगाव जामोद
२० ऑक्टोबर २०२४

संघपाल,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. पोस्टमन रोज शेजारच्या मेडिकलमध्ये येतो, मी रोज मशीनवरून मान वर करतो, तो लांबूनच हात हलवून जातो.

तुझा राग मला ठाऊक आहे. मी तिथंच होतो. एकतीस मेचं ऊन, शाळेच्या पटांगणात मांडव, निवृत्तीचा सत्कार, आणि जानराव त्या कोटात घामानं निथळत खुर्चीवर. तू सगळ्या मास्तरांसमोर म्हणालास, "कोनाले दाखवता हे सोंग? लोक मांगं कोटवाले साहेब म्हून हासते." त्यानं तुझ्या कानाखाली वाजवली. जवान पोराला चार लोकांत मारू नये, हे मी त्याला त्याच संध्याकाळी सुनावलं होतं, आजही सुनावतो. तुला सुनावायचं मात्र राहून गेलं, कारण तू रात्रीच्या गाडीनं निघून गेलास. सहा वर्षांनी का होईना, ऐकून घे.

त्या शाळेत तुझा आजा कचरू वर्गाच्या बाहेर बसून शिकला, तेही दुसरीपर्यंतच. दोन हजार सहा साली त्याच शाळेवर जानराव हेडमास्तर म्हणून हजर होणार होता. आदल्या पंधरवड्यात तो कापड घेऊन माझ्याकडे आला. मी विचारलं, कसा पाहिजे? तो म्हणाला, "असा शिव, का दारातून आत जातानी कोनी मले चपराशी समजून बाजूले सारलं नाई पाह्यजे." मी त्या कोटाला अकरा दिवस घेतले. त्याचा डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच खाली आहे, तो फरक कोटात कुठंही दिसत नाही. तू त्याला सोंग म्हणालास ते त्याला लागलं, आणि सहा वर्षं मी तुझी चौकशी केली नाही ती यामुळं, की मलाही लागलं. कोट शेवटी माझ्या हातचा होता.

राग सांगून झाला. आता काय चाललं आहे ते सांगतो.

दसऱ्यानंतर तो पुन्हा आला. विहारात कार्यक्रमाला कोट घालून गेला होता, तिथं कोणीतरी सहज म्हटलं, सर, छाती कुठं गेली? तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं माझ्याकडे. आणखी एक इंच आत घे म्हणाला. मी घेतला असता, पण नुसता आत घेऊन भागणार नव्हतं. समोरून छाती बसलेली दिसत होती. त्याला फक्त आत घेऊन हवं होतं. भराव घालायची अक्कल माझी.

अस्तर सोडवून मी छातीच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासमागे वॅडिंगचे, म्हणजे दाबलेल्या कापसाचे, पातळ थर दिले, एकावर एक, कडेला विरत जाणारे. खांद्याचे जुने पॅड काढून जाड घातले. संध्याकाळी त्यानं घालून आरशात पाहिलं आणि तो हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं. कोटात जानराव नव्हताच, कोटात मी बनवलेला एक माणूस उभा होता.

तुला वाटेल, आईला दिसत नाही का? रोज पाहणाऱ्याला माणूस वाळलेला दिसत नाही रे. त्याला दिसतात ढिले झालेले कपडे. अंगावरचा शर्ट लोंबायला लागला, पँटला पट्ट्याच्या चुण्या पडल्या, की बायकोच्या लक्षात येतं. ते ढिले होऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात तो सहा शर्ट आणि चार पँटी पिशवीत घालून आला होता. सगळे मी त्याच्या मागे मागे लहान करत आणले आहेत. गालाला मात्र टाके घालता येत नाहीत, म्हणून घरी सांगितलंय की दाढा काढल्यानं गाल बसले. दाढा त्यानं खरंच काढून घेतल्या, दोन. त्यातली एक दुखत नव्हती.

गळा राहतो. कॉलरचं बटण सरकवून सरकवून मी साडेचौदावर आणलं आहे. सारिका तर कौतुकानं सांगते, बाबा डाएटवर आहेत. अर्ध्या भाकरीवर आला आहे तुझा बाप.

मागच्या पत्राला पाय फुटले असतील तर हे तरी वाच. राग घेऊनच ये, पण ये.

फकीर मोहम्मद


जळगाव जामोद
१७ नोव्हेंबर २०२४

संघपाल,

आता मी तुला विनंती करायचं सोडून दिलं आहे. काय झालं ते सांगतो आणि काय करणार आहे ते सांगतो.

काल तो आला तेव्हा पायरी चढून लगेच बोलू शकला नाही. कटिंगच्या टेबलाची कड धरून उभा राहिला, जणू कापड पाहतो आहे. कोट घातला. आता खांदेच दंडावर घसरतात. पँट कमरेत इतकी घेतली आहे की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटायला आले. चार वेळा उसवून शिवलेल्या शिवणी, इस्त्री फिरवली तरी सुईच्या भोकांची ओळ जात नाही.

खांद्याला एकच उपाय असतो. बाह्या सोडवायच्या आणि मुंढा, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात ती गोलाई, कापून लहान करायची. तुला फरक समजावा म्हणून लिहितो. आतापर्यंत मी जे केलं ते सगळं सोडता येतं. जास्तीचं कापड आत दुमडलेलं आहे, एक सूतही कापलेलं नाही. मुंढा कापला की हा कोट चाळीस छातीच्या माणसाला पुन्हा कधी बसणार नाही.

"काप," जानराव म्हणाला.

"नाई कापत."

"काऊन?"

"बरा झाल्यावर काय घालशीन?"

 बाहेर बुऱ्हाणपूरची बस लागली, लोक चढले, बस गेली.

"फकीरा," तो म्हणाला, "तुले मी शहाना समजत होतो."

मग आवाज चढवून म्हणाला, तू कापत नसशील तर खामगावला टेलर मेले नाहीत. तो गेला असता. तिथं कोणी कापलाही असता, आणि मग त्याच्या अंगावरचं माप पाहणारा एकही ओळखीचा माणूस उरला नसता. म्हणून मी म्हटलं, ठेवून जा, कापतो. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मीच घेऊन येतो. तो गेल्यावर कात्री उचलली आणि परत ठेवली. कोट हँगरवर टांगला आहे. हे लिहिताना समोरच दिसतो.

आणखी एक. परवा कोकिळावहिनी बाजाराला आल्या होत्या, जाता जाता दुकानात टेकल्या. सारिकासाठी घेतलेल्या साड्या दाखवल्या, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं कौतुक सांगितलं, तो मलकापूरला तलाठी आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फकीरभाऊ, तुमच्या हातचे कपडे घालते म्हून हे अजून कसे भरल्या अंगाचे दिसते. नाई तं यांच्या बरोबरीचे सारे म्हातारे झाले."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बरं झालं, त्यामुळं बोलता आलं नाही. त्या उठून गेल्या, नि बानो आतून दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "त्या बाईच्या डोळ्याला तुम्ही पट्टी शिवली." दोन दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मग तू विचारशील, सांगून का टाकत नाही? चाळीस-पन्नास वर्षांची दोस्ती असलेल्या माणसाला दिलेला शब्द त्याच्या बायकोसमोर बसून मोडायची हिंमत माझ्यात नाही. तू मुलगा आहेस. तू घरात शिरलास आणि म्हणालास, बाबा, चला अकोल्याला दवाखान्यात, तर त्याला नाही म्हणता येणार नाही. म्हणून तुझ्या दारावर डोकं आपटतो आहे.

तीस तारखेपर्यंत तुझी वाट पाहीन. आला नाहीस, तर एक तारखेला मी माझ्या पद्धतीनं सांगेन. मला शिवण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

फकीर मोहम्मद


जळगाव जामोद
३ डिसेंबर २०२४

संघपाल,

तू आला नाहीस. सारिकानं तुला फोन केल्याचं कळलं, काय बोलली ते माहीत नाही. परवा तुझ्या घरी काय झालं हे तुला पाच जण पाच तऱ्हेनं सांगतील. मी केलं, म्हणून माझ्याकडून ऐक.

तीस तारखेला दुपारी मी कोट खाली काढला. अस्तर सोडवलं. छातीतले वॅडिंगचे थर काढले, जाड पॅड काढले, जुने घातले. पाठीची शिवण, दोन्ही बगला, पँटची कंबर, मी आत घेतलेलं सगळं सोडलं आणि मूळच्या शिवणीवर पुन्हा शिवलं. अस्तर बंद करून वाफेची इस्त्री मारली. जसा दोन हजार सहा साली त्याला दिला होता तसा कोट केला. कव्हर चढवलं. बानो दारात उभी राहून पाहत होती. मग जेवताना तिनं मला वाढलं आणि समोर बसली.

सकाळी नऊच्या बसनं मी वरवट बकालला पोहोचलो. अंगणात मांडव होता, मुलाकडची माणसं येऊन चहा घेत होती, सारिका आत तयार होत होती. जानराव मधल्या खोलीत माझीच वाट पाहत होता, शर्ट-टाय घालून. टायची गाठ मोठी बांधली होती, मी शिकवल्याप्रमाणं.

"कापला का?" त्यानं हळूच विचारलं.

"घालून पाह्य," मी म्हटलं.

त्यानं पँट चढवली, पट्टा आवळला आणि कोटात हात घातले. कोट त्याच्या खांद्यावरून खाली आला आणि तिथंच राहिला, भिंतीच्या खुंटीवर राहावा तसा. बाह्या पंज्यांवर आल्या. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. मी आयुष्यात त्याला अनेकदा चिडलेला पाहिला आहे. तसा तो चिडला नाही.

"काय केलं बे हे, फकीरा?"

"मी कोनाले काई सांगतलं नाई," मी म्हटलं. "तुहा कोट तुले परत देला."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, सर, या, पाहुणे वाट पाहून राहिले. कोट काढून तो शर्टावर जाऊ शकत होता. मला वाटलं, काढेल. नुसत्या शर्टात तो आणखीच दिसला असता हे त्याच्या लक्षात आलं असेल, किंवा आयुष्यभर एकाही कार्यक्रमाला तो कोटाशिवाय बसला नव्हता म्हणून असेल. त्यानं दोन्ही बटणं लावली आणि माझ्या अंगावरून बाहेर गेला.

वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. ताट त्यांनी पाडलं वगैरे नाही, नीट खाली ठेवलं. जवळ गेल्या. कमरेपाशी कोट मुठीत धरला, आणि त्यांची पुरी मूठ भरली तरी कापड उरलं. त्यांनी दुसऱ्या हातानं दुसरी बाजू धरली. 

"हा कोनाचा कोट घातला तुमी?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे पाहून. "फकीरभाऊ, हा कोट यांचाच हाय का?"

मी मान हलवली. त्या खाली बसल्या, जिथं उभ्या होत्या तिथंच, आणि त्याच्या पँटचा पाय दोन्ही हातांनी दाबत वर गेल्या, गुडघ्यापर्यंत, आतला पाय शोधत. मग त्यांनी टाहो फोडला. सारिका तशीच अर्ध्या केसांनी बाहेर पळत आली.

मुलाकडचे माणिकराव, सारिकाचे होणारे सासरे, भला माणूस निघाला. त्यानं साखरपुडा मोडला नाही. दोघांना उभं करून पाच मिनिटांत अंगठ्या घालायला लावल्या आणि स्वतःची गाडी काढली. जानरावाला गाडीत बसवताना मी हात द्यायला पुढं झालो, तर त्यानं माझा हात बाजूला सारला. त्या गाडीत मला जागा नव्हती. त्यांना अकोल्याला नेलं आहे, तपासण्या चालू आहेत, पोटात गाठ आहे एवढं कळलं.

साखरपुड्याचा दिवस मी असा केला. सारिकाच्या आयुष्यातला एकच दिवस होता. पाया पडायला वाकलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला मी उभा होतो आणि ती माझ्यापर्यंत आलीच नाही.

आता तर ये.

फकीर मोहम्मद


जळगाव जामोद
१९ डिसेंबर २०२४

संघपाल,

काल तू मला भेटलास, बोललास, आणि तरी आज पत्र लिहितो आहे. समोर बोलता आलं नाही ते लिहितो. हे पत्र तुझ्या अकोल्याच्या लॉजवर पाठवतो, सारिकाच्या हाती द्यायचं धैर्य नाही.

दवाखान्याच्या जिन्यापाशी तू माझे दोन्ही हात धरलेस. म्हणालास, "काका, तुमची पत्रं मले भेटली होती. सारी वाचली. मले वाटलं बाबाच तुमच्याकडून लिहून घेऊन राह्यले, मले बोलवाले." तुझ्या बापाला तू ओळखतोस तरी असं वाटलं, याबद्दल तुला रागवावं असं मनात आलं, पण तू इतका उतरलेला होतास की राहू दिलं. मग तू म्हणालास, "तुमी कोट उसवला नसता तं आमाले कळलंच नसतं. तुमच्यामुळं बाबा भेटले." आणि तू हात जोडलेस. पंचवीस माणसांत, पायऱ्यांवर. मी नमाजची वेळ झाली म्हणून सटकलो. नमाजला अजून तासभर होता.

ते हात मला झोपू देत नाहीत, म्हणून खरं सांगतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की जानराव पोळ्यानंतर पहिल्यांदा आला. ते खोटं आहे. तो पहिल्यांदा आला एप्रिलमध्ये, जयंतीनंतर चार दिवसांनी. मिरवणुकीत कोट सैल वाटला म्हणाला. मी एक इंच आत घेतला आणि त्याची थट्टा केली, म्हटलं, सर, पोरीआधी तुमचंच लग्न उरकायचं दिसतंय. तोही हसला. तेव्हा मला खरंच काही कळलं नव्हतं, एवढं माझ्यावर ठेव.

दुसऱ्यांदा आला जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात. पुन्हा एक इंच. मी पाठीमागून माप घेत होतो, आणि कापडाखाली माझ्या बोटांना त्याच्या पाठीचं पातं लागलं, पुरं, कडेसकट. मी हजारो पाठी मोजल्या आहेत. चालून कमी झालेल्या माणसाची पाठ अशी लागत नाही. त्या दिवशी मला कळलं. त्यालाही कळलं की मला कळलं. शब्द त्यानं माझ्याकडून घेतला तो त्या दिवशी, सप्टेंबरात नाही. तिसऱ्या पत्रात मी चार वेळा उसवलं असं लिहून गेलो. तुला सांगितलं होतं दोनदाच. पोस्टात टाकल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि तू ते मोजू नयेस म्हणून मी घाबरून होतो.

जून ते सप्टेंबर मी गप्प राहिलो. सांगण्यासारखं काही कारण सापडतं का, हे बरेच दिवस पाहिलं. शब्द दिला होता हे कारण आहे, पण तेवढंच नाही. तू गेल्यापासून जानराव दुकानात येईनासा झाला होता. आला की तुझा विषय निघायचा आणि आमचं बिनसायचं. या दुखण्यानं तो पुन्हा येऊ लागला. कोट घालायचा, काढायचा, खुर्ची ओढून बसायचा, शाळेच्या जुन्या गोष्टी निघायच्या. मला ते हवं होतं. आणि काम फार सुरेख होत होतं. त्याच्या घरात कोणाला ठाऊक नाही ते मला एकट्याला ठाऊक आहे, आणि ते माझ्या हातानं झाकलं गेलं आहे, याचा मला आत कुठंतरी आनंद होत होता. हे लिहायला मला तीन महिने लागले.

काल डॉक्टर काय म्हणाले, ते तू माझ्याशेजारी उभा राहून ऐकलंस. मे-जूनमध्ये आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. आता वेदना कमी ठेवायच्या, बाकी जेवढे दिवस मिळतील तेवढे. तू भिंतीला हात टेकलास. तुला वाटलं असेल, मी तुझ्यासारखाच ऐकतो आहे. मी मनात आठवडे मोजत होतो.

तुझ्या बापाचं आणि माझं वेगळं आहे. तो माझ्याकडे तोंड करत नाही, मी खोलीत गेलो की डोळे मिटून घेतो. ते कोट उसवल्यामुळं. आयुष्यभर ज्याची त्याला भीती होती, चार लोकांत आपलं हसं होईल, ते मी त्याच्या अंगणात करून दाखवलं. त्याबद्दल कधीतरी बोलेल, किंवा नाही बोलणार. जूनबद्दल त्याचा माझ्यावर राग नाही, गप्प राहा म्हणून त्यानंच सांगितलं होतं. पण तुला कोणी विचारलं नव्हतं. वहिनींना विचारलं नव्हतं. तुमचे ते तीन महिने होते आणि ते मी खर्च केले.

वहिनींना सांगायचं की नाही, तू ठरव. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन असं मी म्हणत नाही, कारण माझ्या म्हणण्याची किंमत आता तुला कळली आहे.

तू त्याच्या उशाशी बसतोस, त्याला पाणी पाजतोस, हे मी दारातून पाहिलं. तो तुझ्याकडे पाहून घेतो, मग नजर वळवतो, मग पुन्हा पाहतो. त्याला विचार, तू कशासाठी आलास असं त्याला वाटतं. विचारायला फार उशीर करू नकोस.

मी अकोल्याला आता येणार नाही. दुकान उघडं आहे, सकाळी नऊपासून मी तिथंच असतो. इथं ये, जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल, हात उचललास तरी मी अडवणार नाही. फक्त ते हात पुन्हा माझ्यासमोर जोडू नकोस.

फकीर मोहम्मद